छताला फुटलेला घाम

ऑफिसात सगळे त्यांना डिग्रीताई म्हणायचे. दिवसभर त्या अंश मोजत, म्हणजे डिग्र्यांमध्येच बुडालेल्या असत, आणि स्वतःकडे मात्र डिग्री नव्हती. दोन वर्षांचा नकाशे काढण्याचा डिप्लोमा, एवढंच. हे नाव कुणी ठेवलं असं कुणी विचारलं तर त्या सांगत, "मीच. दुसऱ्या कुणाला सुचायच्या आत ठेवून टाकलं."

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसलो. माझं काम अहवाल लिहिण्याचं. इंजिनिअर मंडळी आकडे आणून टाकत आणि मी त्यांची वाक्यं करत असे. वाक्याला वजन यावं म्हणून जरा भारदस्त शब्द घालायची मला खोड होती. त्यावरून ताई मला 'पंडित' म्हणत. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे मला कधी नीट उमगलं नाही.

आमचं ऑफिस चार खोल्यांचं. एखादी इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरवर उभी करायची, तिच्यावर वर्षभराचं ऊन पाडायचं आणि आतल्या माणसाला काय वाटेल ते बघायचं, हा आमचा धंदा. त्यातही ताईंचा हातखंडा एका गोष्टीत होता. मोठाली एसी यंत्रं न बसवता, थोडक्या विजेत इमारत गार कशी राहील हे त्या शोधत. स्लॅबच्या पोटात नळ्यांची वेटोळी घालायची आणि त्यांतून गार पाणी फिरवायचं. ते पाणी गार करायला गच्चीवर टॉवर. त्यात पाणी वाऱ्यात शिंपडलं जातं, थोडं उडून जातं आणि उरलेलं गार होतं. माठात होतं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "पंडित, तुम्ही आत्ता कशात बसलाय?"

"खुर्चीत."

"त्याच्या बाहेर?"

"हवेत."

"चुकलात. तुम्ही चार भिंती, एक छत आणि एक जमीन यांच्या मधोमध बसलाय. हवेचं काय, ती येते आणि जाते. पण ही सहा जणं तुमच्याकडे सतत बघत असतात. ती तापलेली असली तर पंखा कितीही फिरवा, तुम्ही भाजणार. ती गार असली तर हवा थोडी गरम असली तरी चालतं."

ही गोष्ट त्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. त्या तिशीत असताना त्यांच्या वडिलांचं अंग एका बाजूने लुळं पडलं. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या खाली. वडील दिवसभर पलंगावर, वर पंखा, खिडक्या उघड्या. संध्याकाळी बाहेर गार वारा सुटला तरी ते म्हणत, "पोरी, अंग भाजतंय." थर्मामीटरमध्ये काही विशेष दिसेना. डॉक्टर म्हणाले, आजारपणात असं वाटतं. एके दिवशी ताई जाळी काढायला स्टुलावर चढल्या आणि तोल जाऊ नये म्हणून छताला हात टेकला. हात चटकन मागे घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीला चुना फासला, त्यावर गोणपाटं अंथरली आणि सकाळ-दुपार त्यांवर पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी वडिलांना दुपारी झोप लागली. ते त्यानंतर चारच महिने जगले. ताई एवढंच म्हणत, "ते चार महिने त्यांना भाजलं नाही."

पुढे त्या चाळिशीच्या आसपास असताना ऑफिसने इमारत कॉम्प्युटरवर चालवून बघायचा गणिताचा प्रोग्राम आणला, तेव्हा त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. ताई त्याचं जाडजूड पुस्तक आणि एक शब्दकोश पिशवीत घालून घरी न्यायला लागल्या. घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. बहीण निवृत्त नर्स. ती म्हणे, "तापमान मीही आयुष्यभर घेतलं गं, पण माझे पेशंट निदान कण्हत तरी होते. तुझी भिंत काही बोलते का?" दीड वर्षात ताईंना तो प्रोग्राम तोंडपाठ झाला. शिकलेले इंजिनिअर अडले की खुर्ची सरकवत त्यांच्या टेबलाशी येऊ लागले.

ज्या कामाबद्दल सांगायला बसलो आहे ते एका शिवणकारखान्याचं. शाळांचे आणि दवाखान्यांचे गणवेश शिवणारा कारखाना. जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात बायका चक्कर येऊन पडत, म्हणून मालकीणबाईंनी नवी दुमजली इमारत काढायचं ठरवलं. एसी परवडणार नव्हता, पण बायकांना गारवा द्यायचाच असा त्यांचा हट्ट होता. आमचे साहेब म्हणाले, हे डिग्रीताईंचंच काम.

ताईंनी चार महिने ती इमारत कॉम्प्युटरमध्ये बांधली आणि मोडली. वर्षाचे आठ हजार सातशे साठ तास, आणि प्रत्येक तासाला ऊन कुठून येतं, वारा किती, छत किती अंशांवर, हे सगळं. शेवटी वरच्या मजल्याच्या छतात नळ्या घालायचं ठरलं. ताजी हवा आत घेतानाही पाण्यानेच गार करायची, पण अशी की हवा आणि पाणी एकमेकांना शिवणार नाहीत. मधल्या पत्र्यातून नुसता गारवा हवेत उतरेल, ओल उतरणार नाही. कारण गार छताचा एक शत्रू असतो, तो म्हणजे दमट हवा. गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून थेंब येतात तसे छताला येऊ शकतात.

त्यावर ताईंचं उत्तर तयार होतं. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं तर तो जिथवर उतरतो, त्याच्या खाली टॉवरचं पाणी कधीच जाऊ शकत नाही. आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या गारव्याला तिला घाम फुटतो तो अंश, त्याच्याही खाली असतो. मग बाहेरच्या हवेमुळे आपल्या छताला घाम येणार कसा?

त्यांनी मला टिपणात लिहून दिलं होतं: 'बाहेरच्या हवेतल्या ओलाव्यामुळे छतावर पाणी धरणार नाही.' मला हे वाक्य लंगडं वाटलं. मी अहवालात लिहिलं, 'छतावर पाणी धरणे सर्वथा अशक्य आहे.' ताईंनी वाचलं, 'सर्वथा' शब्दाला हसल्या आणि सही केली.

इमारत उभी राहिली. पहिला उन्हाळा झकास गेला. मालकीणबाईंचा फोन आला की बायका जेवून झाल्यावरही बाहेर झाडाखाली न जाता आतच बसतात. साहेबांनी ऑफिसात चहा सांगितला. ताईंनी दोन दिवस त्या फोनबद्दल सगळ्यांना सांगितलं, एरवी त्या स्वतःबद्दल ब्र काढत नसत.

मग हवा बदलली. आभाळ भरून राहायचं, कपडे वाळत नव्हते, दाराच्या फळ्या फुगल्या. आणि एका सकाळी कारखान्यातून फोन आला की छत गळतंय. दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांचा एक अख्खा ढीग, इस्त्री करून घडी घातलेला, डागांनी भरला होता.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. छतात नळ्या, नळ्यांत पाणी, छत गळतंय. म्हणजे नळी फुटली, असं सगळ्यांनी धरूनच चाललं. बांधकामाचा ठेकेदार छत फोडायला माणसं घेऊन निघालासुद्धा. ताई पर्स उचलून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "पंडित, चला. वाक्य तुमचं आहे."

आम्ही पोचलो तेव्हा वरच्या हॉलमध्ये शिडी लागली होती आणि हातोडा-छिन्नीवाला वर चढत होता. हॉल लांबलचक. एका टोकाला शिलाई मशीनच्या रांगा, दुसऱ्या टोकाला इस्त्रीची दहा टेबलं. थेंब पडत होते ते इस्त्रीच्या टोकाला. शिडीच्या पायथ्याशी कारखान्याचा फिटर उभा होता. पन्नाशीतला, हडकुळा, हातात पाना. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

ताईंनी त्यालाच विचारलं, "फिटरदादा, तुम्हाला काय वाटतं?"

तो जरा गोंधळला. "मी सांगून थकलो ताई. नळी फुटली असती तर दाब उतरला असता. इकडे या, काटा बघा. बारा दिवस जागचा हललेला नाही. मी रोज लिहून ठेवतो."

वहीत खरंच रोजचा आकडा होता, तोही दोन वेळचा. ताईंनी वही उघडी धरून ठेकेदाराला दाखवली. "छत फोडायचं असेल तर फोडा, पण दुपारपर्यंत थांबा. आतली नळी फुटलेली नसेल तर तुमच्या छिन्नीने नक्की फुटेल."

ठेकेदार कुरकुरला, पण थांबला.

आम्ही छताखाली उभे राहून वर बघत होतो. करड्या छतावर बारीक बारीक थेंब, मोहरीच्या दाण्याएवढे, शेजारी शेजारी. दोन थेंब एकमेकांना भेटले की जड होऊन खाली येत. गळतीचं पाणी एका जागेवरून येतं, रेघ धरतं. हे तसं नव्हतं. हा घाम होता. ताईंना ते पहिल्या नजरेत कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला, कारण नळी फुटली असती तर चूक दुसऱ्या कुणाची तरी झाली असती.

"पण का?" त्या पुटपुटल्या. "बाहेरच्या हवेने येऊच शकत नाही."

इस्त्रीच्या पहिल्या टेबलावर एक ठेंगण्या मावशी काम करत होत्या. डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत बाह्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "ते काय सारखं पडत नाही. आम्ही जेवायला गेलो की थेंबही जेवायला जातात."

"म्हणजे?"

"म्हणजे सुट्टीत पडत नाहीत. मी सुपरवायझरला पहिल्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, मावशी, छताला पण जेवणाची सुट्टी असते का! सगळे खो खो हसले. मग मी कशाला बोलू?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं. साडेबाराला पाच मिनिटं कमी होती. कापड बेतायचा खाकी कागद त्यांनी मागून घेतला आणि टेबलांच्या मधल्या जागेत जमिनीवर पसरला. घंटा झाली, इस्त्र्या बंद झाल्या, बायका डबे घेऊन गेल्या. आम्ही तिघं, ताई, फिटर आणि मी, कागदाभोवती उकिडवे बसलो. थेंब पडला की ताई त्याच्याभोवती पेन्सिलने गोल करून वेळ टाकायच्या. आधी भराभर पडत होते. मग मिनिटाला एक. एक वाजायच्या सुमाराला शेवटचा पडला. त्यानंतर काही नाही. कागद तसाच.

सव्वा वाजता घंटा झाली आणि मावशी परत आल्या. त्यांनी इस्त्री चालू केली, तापू दिली, कोट ताणून धरला आणि इस्त्रीच्या दांड्यावरचं बटण दाबलं. फस्स करून पांढरी वाफ उठली, त्यांच्या तोंडावरून वर गेली आणि दिसेनाशी झाली. शेजारच्या टेबलावरून फस्स. त्याच्या शेजारून फस्स. दहा टेबलं.

ताई एका गाठोड्यावर मटकन बसल्या.

मी म्हटलं, "काय झालं?"

"वाफेच्या इस्त्र्या आहेत पंडित." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "प्रोग्राममध्ये प्रत्येक यंत्रासमोर दोन चौकटी असतात. एकीत लिहायचं की यातून नुसती उष्णता किती निघते. दुसरीत, वाफ किती. मी फोनवर विचारलं होतं, इस्त्र्या किती? दहा म्हणाले. कसल्या, ते मी विचारलंच नाही. वाफेच्या चौकटीत आधीपासून शून्य असतं. ते तसंच राहिलं."

बाहेरची हवा छताला ओलं करू शकत नव्हती, हे त्यांचं गणित बरोबरच होतं. पण या हॉलमध्ये बाहेरची हवा एकटी नव्हती. कोरड्या दिवसांत छताचा गारवा आणि दवबिंदू यांच्यात मोकळी जागा भरपूर होती, म्हणून ती वाफ खपून गेली. हवा दमट झाली तशी ती जागा आक्रसली आणि दहा इस्त्र्यांनी उरलेली भरून काढली.

दीडला दहा मिनिटं कमी असताना कागदावर पहिला थेंब टपकला. ताईंनी त्याच्याभोवती गोल केला.

छत फोडायचं टळलं. पण चार दिवसांनी मालकीणबाईंनी बैठक बोलावली. कोट खराब झाले होते, दवाखान्याने बोल लावला होता, आणि हे कुणामुळे झालं हे त्यांना ऐकायचं होतं. ठेकेदाराने दरम्यान एक गोष्ट शोधून काढली होती. छताच्या पाण्याचा एक व्हॉल्व असतो; टॉवरमधून आलेल्या पाण्यात थोडं परतीचं कोमट पाणी मिसळून तो छताला फार गार होऊ देत नाही. हा व्हॉल्व कुणीतरी फिरवून ठेवला होता. फिटरने कबूल केलं की मीच फिरवला. झालं. खापर फोडायला डोकं मिळालं.

बैठकीला जाताना गाडीत साहेब ताईंना म्हणाले, "ताई, व्हॉल्व फिरवला हे खरं आहे ना? मग आपण तेवढंच बोलू. बाकीचं आपण आपलं नंतर बघू."

"खरं आहे साहेब," ताई म्हणाल्या, "पण ते कारण नाही."

"निम्मं कारण तर आहे?"

"ते मी मोजलंय."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या चार दिवसांत ताईंनी ती इमारत पुन्हा चार वेळा चालवली होती. व्हॉल्व जागेवर आणि वाफ नाही. व्हॉल्व फिरवलेला आणि वाफ नाही. व्हॉल्व जागेवर आणि वाफ आहे. दोन्ही आहेत. मालकीणबाईंच्या टेबलावर त्यांनी चार कागद ओळीने ठेवले.

"या पहिल्या दोन कागदांत छत कोरडं आहे," त्या म्हणाल्या. "व्हॉल्व फिरवला तरी कोरडंच. म्हणजे फिटरदादांनी फिरवला त्या नुसत्या व्हॉल्वने थेंब पडत नाहीत. पुढच्या दोन्हींत छत ओलं आहे, कारण त्यांत इस्त्रीची वाफ आहे. व्हॉल्व फिरवल्यामुळे फरक इतकाच पडला की थेंब नऊ दिवस आधी आले. नाहीतर नऊ दिवसांनी आले असते. वाफ गणितात घ्यायला हवी होती. ती घेणं माझं काम होतं. मी घेतली नाही."

मालकीणबाईंनी आमचा अहवाल काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "'छतावर पाणी धरणे सर्वथा अशक्य आहे.' सर्वथा?"

माझे कान तापले. मी म्हणालो, "बाई, ते वाक्य माझं आहे. ताईंनी फक्त बाहेरच्या हवेबद्दल लिहिलं होतं. मी सुटसुटीत करायला गेलो."

"वाक्य त्यांचं असेल," ताई म्हणाल्या, "खाली सही माझी आहे."

मालकीणबाईंनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आता करायचं काय?"

करायचं काय, हे ताईंनी पाचव्या कागदावर आणलं होतं. इस्त्रीची टेबलं भिंतीकडे सरकवायची. प्रत्येकावर पत्र्याचं उलटं घमेलं टांगायचं आणि त्यातून वाफ पंख्याने थेट बाहेर ओढायची. छताजवळ ओल मोजणारं एक छोटं यंत्र बसवायचं. दवबिंदू छताच्या दोन अंश जवळ आला की त्याने पाण्याचा व्हॉल्व आपोआप कोमटाकडे वळवायचा. अशा दिवशी हॉल एखादा अंश गरम राहील, त्यासाठी छताचे पंखे.

परत निघताना फिटर जिन्यापाशी थांबला होता. म्हणाला, "ताई, मी व्हॉल्व फिरवला ते आधीच सांगायला हवं होतं. भीती वाटली."

"फिरवला कशाला होतात?"

"मावशी म्हणाल्या, त्यांच्या टोकाला फार गदमदतं. तीनदा म्हणाल्या. म्हटलं, जरा गार करून बघू."

ताई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "म्हणजे तुम्ही निदान त्यांचं ऐकलंत. मी विचारलंसुद्धा नाही." मग म्हणाल्या, "आता पुढे काही फिरवलंत तर वहीत लिहा आणि मला फोन करा. इतकंच."

ऑफिसात या सगळ्याचं कौतुक झालं असं कुणी समजू नये. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना ग्राहकासमोर मान खाली घालावी लागली होती. नंतरचं जवळजवळ दीड वर्ष ताईंच्या टेबलावर नवं काम आलं नाही. नकाशे तपासणं, जुन्या फायली लावणं, नवख्यांची जोडाक्षरं दुरुस्त करणं. त्या करत राहिल्या. एकदा मी न राहवून म्हटलं, "थोडं सांभाळून बोलला असतात तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पंडित, मी खोट्या इमारती बांधते. आयुष्यभर तेच करतेय. त्यातली एकही विटांची नाही. लोक त्यांवर विश्वास ठेवून खरी इमारत बांधतात आणि खऱ्या बायका तिच्यात दहा-दहा तास उभ्या राहतात. माझ्याकडे दुसरं काय आहे द्यायला? चुकलं तर चुकलं म्हणणं, एवढंच." मग जरा वेळाने हसून म्हणाल्या, "आणि फिटरची नोकरी गेली असती तर माझ्या बहिणीने मला घरात घेतलं नसतं."

बैठकीच्या आधीची सगळी रात्र ताईंना झोप लागली नव्हती, हे मला त्यांच्या बहिणीकडूनच कळलं, तेही खूप नंतर. त्या रात्री ताईंनी दोनदा राजीनामा लिहिला आणि दोनदा फाडला. बहीण म्हणाली होती, "मी एकदा चुकीचं इंजेक्शन भरलं होतं. टोचायच्या आधी लक्षात आलं. तू तर टोचलंस. पण पेशंट जिवंत आहे ना? मग जा आणि बघ त्याच्याकडे."

आणि ताई खरंच बघत राहिल्या. काम नव्हतं तरी महिन्यातून एक शनिवार त्या स्वतःच्या वेळात कारखान्यात जायच्या. पाचव्या कागदाप्रमाणे घमेली आणि पंखे बसले होते, आणि फिटरने हॉलमध्ये सहा ठिकाणी तापमानाची छोटी यंत्रं टांगली होती. वर्षभराचे आकडे जमले. आता वाफ धरून केलेलं गणित आणि खरा हॉल समोरासमोर ठेवता आले. छत कोरडं राहिलं, दमटातल्या दमट आठवड्यातही. पण गणितापेक्षा हॉल दुपारी सतत एक पूर्णांक एक दशांश अंशाने गरम निघत होता.

दुसऱ्या कुणी तो आकडा सोडून दिला असता. एवढा फरक चांगलाच मानतात. ताई सात आठवडे त्याच्या मागे होत्या. पडदे बघितले, काचा बघितल्या, मशीनच्या मोटरी मोजल्या, बायका दिवसातून किती वेळा कुठे चालतात हेही मावशींना बसवून विचारून घेतलं. मावशी आता त्यांच्याशी ऐसपैस बोलत. "ताई, एक अंश म्हणजे किती हो?" त्यांनी विचारलं. ताईंनी सांगितलं, "तुमच्या डोक्यावरचा रुमाल काढला तर जेवढा फरक पडेल, जवळपास तेवढा." मावशींनी तिथल्या तिथे रुमाल काढून बघितला आणि म्हणाल्या, "मग मला चालेल की!" सगळं टेबल हसलं.

तो जास्तीचा अंश ताईंना सापडला नाही. त्यांनी टिपणात लिहिलं, 'कारण कळलेलं नाही.' साहेबांनी ते वाचलं, पेन हातात घेतलं, जरा थांबले आणि पेन खाली ठेवलं. "राहू द्या," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी एका नव्या दवाखान्याच्या नकाशांची गुंडाळी ताईंच्या टेबलावर आणून ठेवली.

त्या दवाखान्याच्या कामात मला ताईंनी बरोबर नेलं. जुनी इमारत अजून चालू होती, नवी शेजारी व्हायची होती. आम्ही सकाळी आठ वाजता जुन्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, पेशंटच्या बाकावर जाऊन बसलो. ताईंच्या हातात वही, माझ्या हातात घड्याळ. दार बाहेरच्या रस्त्यावर उघडायचं आणि उघडलं की गरम वाऱ्याचा लोट आत यायचा.

नाव लिहून घेणाऱ्या बाईंनी तासभर आमच्याकडे बघितलं. मग उठून आल्या. "तुमचं काय दुखतंय?"

"काही नाही," ताई म्हणाल्या.

"मग कुणाला दाखवायचंय?"

"कुणालाच नाही. आम्ही दार मोजतोय."

त्या बाई माझ्याकडे वळल्या. मला त्यांची नजर ओळखता आली; घरच्या माणसाला विचारतात ना, यांना हे कधीपासून आहे, तशी. मी मान हलवून म्हटलं, "खरंच मोजतोय."

"मग एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "दार कमी वेळा उघडतं. ते अडकून उघडंच राहतं, त्याचा त्रास जास्त. खालची फट बघा. बंद राहावं म्हणून आम्ही दगड लावतो."

ताईंनी वहीचं नवीन पान काढलं, बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "बसा ना जरा. केव्हा केव्हा अडकतं?"